हैदराबादचं गिऱ्हाईक

दिव्यानीनं गटाच्या खोलीत लॅपटॉप उघडला तेव्हा हैदराबादचं गिऱ्हाईक दुकानात आलेलंच होतं. दुकान म्हणजे महिला गटाचं ऑनलाइन दुकान, बांबूच्या टोपल्यांचं. कोण येतं, कोणती टोपली बघतं, किती वेळ थांबतं आणि शेवटी काय घेतं, हे सगळं मोजायची सोय तिनंच डिसेंबरात लावली होती, व्हिडिओ बघून बघून, एकटीनं. तिला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा? बी.कॉम. होऊन घरी बसलेल्या पोरीला गाव आता चार गोष्टी विचारू लागलं होतं.

हे गिऱ्हाईक मोठं चमत्कारिक. दोन महिने झाले, रोज यायचं आणि थेट भूपेशच्या झाकणाच्या टोपलीवर जायचं. दिवसातून दहादा, बारादा. बाकी मालाकडे ढुंकूनही बघायचं नाही. आणि ती टोपली तर दुकानात शिल्लकच नव्हती. ती विणणाऱ्या भूपेशला दिवाळीच्या आधी नाल्यावर वाघानं नेलं. त्याच्या टोपलीखाली 'माल संपला' एवढं लिहून दिव्यानीनं त्याचा फोटो आणि टोपली विणतानाचा व्हिडिओ तसाच राहू दिला होता. काढून टाकायला हात धजला नाही.

रविवारच्या बैठकीत तिनं हा आकडा सगळ्यांपुढे ठेवला. गटाची अध्यक्ष रीताबाई म्हणाली, एवढं कोणी पाहते म्हणजे घेणारच, आणि एक नाही, गाडीभर घेणार, व्यापारीच असेल तो. मग काय, ठरलं. तशाच शंभर टोपल्या करायच्या. पण त्या टोपलीला लांब पेराचा बांबू लागतो, आणि तो फक्त नाल्याकडे. तिकडे दिवाळीपासून कोणी पाऊल टाकलं नव्हतं. बाया नको म्हणू लागल्या. तेव्हा दिव्यानीच म्हणाली, आकडा खोटं बोलत नाही, संधी सोडू नका. आज सकाळी सहाला गावातले तिघं, पत्रू, अजय आणि दिव्यानीचा सख्खा भाऊ रोशन, कोयते घेऊन नाल्याकडे गेले.

आता आठ वाजले होते. पडद्यावर दिसत होतं, हैदराबादचा एक जण, भूपेशचा व्हिडिओ बघतोय. तेवढ्यात मागच्या खिडकीतून आवाज आला.

"हे पा, पेर लांब पाह्यजे. आखूड पेराची काडी वाकवली का तुटते."

भूपेशचा आवाज.  लॅपटॉप तसाच उचलून दिव्यानी खिडकीशी गेली. बाहेर भिंतीला टेकून भूपेशची आई बसली होती, इंदिराबाई. गावात नेट पकडतं ते त्या एका भिंतीलाच. तिच्या हातात भूपेशचा फोन होता. मिरची तोडायला तेलंगणात गेला तेव्हा तिकडचंच सिम घेतलं होतं त्यानं. ते सिम गावात बसून वापरा नाहीतर आणखी कुठे, मोजणाऱ्या यंत्राला ते हैदराबादच वाटत होतं. व्हिडिओ संपला. इंदिराबाईनं बोट टेकवून तो पुन्हा लावला. इकडे पडद्यावर आजच्या बघण्याचा आकडा सहाचा सात झाला.

आपल्याच माणसांचे फोन मोजणीतून वगळा, असं व्हिडिओत शिकवणाऱ्यानं बजावून सांगितलं होतं. दिव्यानीनं स्वतःचा वगळला, रीताबाईचा वगळला. इंदिराबाई कसलं इंटरनेट बघते, असं धरून ती मोकळी झाली होती.

तिनं रोशनला फोन लावला. लागला नाही, जंगलात लागणार कुठून? मग वनरक्षकाला लावला. तो आधी ओरडलाच. वाघीण कालपासून नाल्यावरच आहे, पिल्लं आहेत सोबत, तुम्हाला कोणी जा म्हटलं, असं विचारू लागला. मग म्हणाला, मुलचेऱ्याहून निघतो, तासभर लागेल. दिव्यानीनं फोन ठेवला. ती तशीच बाहेर आली.

"इंदिराबाई, तुमी हे रोज पायता?"

"रोज पायतो. तो बोलते ना याच्यात." मग म्हातारीनं घाबरून फोन छातीशी धरला. "काऊन वं? पाहाले पैसे लागते का?"

दिव्यानीला काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण रोशन तिकडे होता आणि तिच्या तोंडून खरं तेच बाहेर पडलं. हैदराबाद, बैठक, शंभर टोपल्या, नाला, वाघीण, सगळं. इंदिराबाई ऐकत राहिली. अर्धं कळलं असेल, अर्धं नसेल. पण कळायचं ते कळलं.

"मंग पोरं माह्याच पायी गेले तिकडं?"

"नाई. माह्या पायी," दिव्यानी म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

इंदिराबाईनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तिनं फोन बंद करून कमरेला खोचला. आत जाऊन चहाच्या सामानातलं स्टीलचं ताट आणि पळी उचलली आणि चालू लागली. गुडघे धरून चालणारी बाई, पण शेताच्या धुऱ्यावरून अशी निघाली की दिव्यानीला धावावं लागलं. वाटेत रीताबाईच्या घरासमोर दिव्यानी ओरडली, माणसं घेऊन या, वाजवायला डबे घेऊन या. तोवर इंदिराबाई पुढे गेली होती.

शेतं संपून जिथे झाडं सुरू होतात तिथे ती थांबली. ताट बडवत, जंगलाकडे तोंड करून हाका मारू लागली. दम लागायचा, थांबायची, पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांची नावं घ्यायची. दिव्यानी मागून पोचली आणि ऐकत उभी राहिली.

आत तिघं गेले होते. इंदिराबाई चार नावं घेत होती.