नवऱ्याचं सोंग

त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात केनवडच्या नाट्यमंडळानं कापसाच्या रिकाम्या गोदामात नाटक मांडलं: ना मंच, ना पडदा, चारी बाजूंनी माणसं. बाईचं सोंग पहिल्यांदाच बाई घेणार होती, गावातली रंगू. परक्या पुरुषासोबत नको म्हणून गावानं अट घातली, रंगूच्या नवऱ्याचं काम तिच्या खऱ्या नवऱ्यानंच करायचं. नाटकात तो जगतो की मरतो, हे कोणी विचारलं नाही. आता तो चादरीखाली मढं होऊन पडला होता. दगडावर आपटायला उचललेला रंगूचा हिरवा चुडा हवेतच थिजला. "फोडू नको वं माय!" बाया कळवळल्या. "नाटकच तं हाय!" पोट्टे ओरडले. तेवढ्यात तिची पांढऱ्या कपाळाची सासू उठून दगडापाशी बसली. "सरक बाजूले, सूनबाई. हे मले पाठ हाय." तिनं आपलं उघडं मनगट दगडावर आपटलं आणि चादरीखालचं मढं हमसून हमसून रडू लागलं.