गर्दीतला दादा

वृद्धाश्रमाच्या टीव्हीवर साठच्या दशकातल्या त्या रॉक महोत्सवाचा गाजलेला सिनेमा लागला, की मावशी गायकांकडे ढुंकूनही बघायची नाही. डोळ्यांत तेल घालून गर्दी चाळायची. तिचा दादा घरात भांडून त्या महोत्सवाला गेला तो परतलाच नाही, आणि बापाने रागाच्या भरात त्याचे सगळे फोटो जाळून टाकले होते.

"या खेपेला सापडणार बघा, भाऊ," ती शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाली. "कॅमेरा दिसला की आमचं माकड दात काढून हात हलवणारच!"

म्हाताऱ्याने टीव्हीवरची नजर खाली वळवली.



या सिनेमाचं संकलन त्यानेच केलं होतं, आणि गर्दी खरी वाटावी म्हणून कॅमेऱ्याकडे बघणारा प्रत्येक चेहरा स्वतःच्या हाताने कापून फेकला होता.