टेबलाच्या बरोबर वर

"पुस्तकांच्या ओझ्याने जगात आजवर एकही घर बसलेलं नाही," असं दातांच्या डॉक्टरांनी चमचा उंचावून जाहीर केलं, आणि छताचा एक पोपडा सुटून त्यांच्या सुपात पडला.

त्यांनी तो अलगद काढून बशीच्या कडेला ठेवला. दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाली होती, पण हाताची सफाई गेली नव्हती.

मोठ्या सुट्टीचं जेवण यंदा त्यांच्याकडे होतं. टेबलाभोवती लेक, तिच्या मांडीवर बाळ, समोर डॉक्टरांची म्हातारी आत्या आणि घरं बांधायची कंत्राटं घेणारा मेहुणा. गेल्या सुट्टीत याच मंडळींनी मांडीवर ताटं घेऊन जेवण उरकलं होतं, कारण टेबल पुस्तकांखाली गडप झालं होतं. म्हणून यंदा बायकोने आधीच बजावलं होतं, की खाली एक जरी पुस्तक दिसलं तर मी स्वयंपाकाला हात लावणार नाही. डॉक्टर शब्दाला जागले. खालचं पुस्तक न् पुस्तक त्यांनी आठवडाभर खपून वर नेलं. वरच्या भिंती आधीच भरलेल्या, तेव्हा सगळा ढीग खोलीच्या मधोमध रचला. टेबलाच्या बरोबर वर.

मेहुणा जेवायचा थांबला होता. असं त्या घरात आजवर कधी घडलं नव्हतं. तो छताकडे बघत होता, आणि वर साधारण किती पुस्तकं असतील, असं त्याने विचारलं.

डॉक्टरांना भरून आलं. इतक्या वर्षांत सासरच्या माणसाने पुस्तकांची पहिल्यांदाच चौकशी केली होती. त्यांनी त्याला रद्दीवाल्याची गोष्ट सांगितली. जहाजांच्या इतिहासाचा दुसरा खंड ते कुठे कुठे शोधत फिरले होते, आणि तो सापडला फुटक्या कुकरच्या खाली. छातीशी धरून घरी आणताना त्यांना लग्नाची वरात आठवली होती. पहिला खंड वाचलात का, असं लेकीने विचारलं. डॉक्टर म्हणाले, दुसरा मिळाला की पहिला न वाचल्याची टोचणी कमी होते.

वर काहीतरी कण्हल्यासारखं वाजलं. टेबलावर लोंबणारा दिवा वारा नसताना हलला.

"लाकूड आहे," डॉक्टर म्हणाले. "थंडी पडली की बोलतं."

बायको स्वयंपाकघरातून भांडं घेऊन आली आणि म्हणाली की दार सकाळपर्यंत नीट लागत होतं, आता चौकटीला घासतंय. मेहुण्याने हातातला घास ताटात ठेवला.

"कुणी पळायचं नाही," तो हलकेच म्हणाला. "ताटं उचला आणि भिंतीच्या कडेकडेने ओसरीवर चला."

आत्याला कमी ऐकू यायचं. गोड पदार्थ ओसरीवर वाढणार आहेत अशी समजूत होऊन ती सगळ्यांच्या आधी पोचली. तिच्यामागून लेक बाळाला घेऊन गेली.

मग मेहुण्याने बोट दाखवलं. दिव्यापासून भिंतीपर्यंत एक चीर गेली होती. मधली तुळई वाकली होती, कुणी खांद्यावर नको तितकं ओझं दिल्यासारखी. उद्या टेकू लावता येईल, तो म्हणाला, पण आजच्या रात्रीचा भरवसा नाही. मधला ढीग आत्ताच उतरवायला हवा, थोडा थोडा, आणि वर जाणारं माणूस वजनाला हलकं हवं.

डॉक्टर उठले. मेहुण्याने त्यांच्या पोटाकडे आदराने पाहिलं. "तुम्ही नको, भाऊजी. पुस्तकांच्या आधी तुम्हीच खाली याल."

"अट माझी होती," बायको म्हणाली, आणि पदर खोचून जिना चढलीसुद्धा. अंगाने ती काडीपैलवान. लग्न झाल्यापासून तिने पुस्तक उघडलं असेल, तर ते फक्त धूळ झटकायला.

काम सुरू झालं. ती ओंजळभर पुस्तकं आणून जिन्याच्या तोंडाशी ठेवी, डॉक्टर जिन्यात उभे राहून घेत, मेहुणा बाहेर रचून येई आणि चिरेकडे बघे. डॉक्टरांना एकेक पुस्तक हाताला ओळखू येत होतं. एरवी त्यांनी प्रत्येकाची जन्मकथा सांगितली असती. आज ते फक्त वरची पावलं ऐकत होते. बायकोच्या चालण्याला आवाज असतो, हे त्यांना आजवर माहीत नव्हतं.

पावलं मधोमध जाऊन थांबली.

डॉक्टरांनी हात पुढे करून वाट पाहिली. कुणी आलं नाही. वरची एक फळी बराच वेळ कुरकुरली आणि चिरेतून बारीक भुकटी टेबलावर सांडली. ते हाक मारणार, तोच मेहुण्याने त्यांचं मनगट धरलं.

"ओरडू नका. ताई दचकली तर पाय जोरात पडेल."

बाहेर आत्या चमचा बशीवर आपटत होती.

आणि मग वरून पान उलटल्याचा आवाज आला. त्या घरात हा आवाज एकाच माणसाच्या हातून होत असे, आणि तो माणूस जिन्यात उभा होता. डॉक्टरांचा चेहरा उजळला, आणि उजळता उजळताच पांढरा पडला. आणखी एक पान उलटलं. चीर भिंतीवरून खाली उतरायला लागली.

"अगं," ते कुजबुजले, "ते घेऊन खाली ये. सगळं वाच, पण खाली ये."

"अहो," वरून शांत आवाज आला, "जिन्यातलं दिव्याचं बटण दाबा जरा. इथे नीट दिसत नाहीये."