पाठीमागचा माणूस

समजा, तुमच्या छातीवर एक मोठा ड्रम बांधलाय. त्याच्या वरून समोरचं दिसतं, पण स्वतःचे बूट दिसत नाहीत. आता उलटं चाला. वळून बघायचं नाही, वाजवणं थांबवायचं नाही. टोपी उडाली, नाकावर माशी बसली, तरी चालत राहायचं. जमतंय का?

टिल्डाला जमायचं. विस्कॉन्सिनमधल्या त्यांच्या छोट्या गावात मुलांचं ड्रम-बिगुलांचं पथक होतं, आणि त्यातला सगळ्यात मोठा ड्रम तिच्याकडे होता. मागच्या उन्हाळ्यापर्यंत तिचं एक पाऊलही कधी चुकलं नव्हतं.

तेव्हा स्पर्धेचे परीक्षक मैदानावर, थेट मुलांच्या मधून फिरत. हातात छोटा रेकॉर्डर, त्यात शेरे पुटपुटणं चालू आणि कान एकेका ड्रमपाशी. कोच डीनाने पहिल्याच दिवशी मुलांना सांगितलं होतं की परीक्षक म्हणजे हवा. बाजूला व्हायचं त्याने, आपण नाही. सगळ्यात चपळ परीक्षक म्हणजे म्हातारे मिस्टर पावलाक. त्यांना पाठीलाही डोळे आहेत, असं मुलं म्हणत.

मागच्या उन्हाळ्यात एका स्पर्धेच्या संध्याकाळी ते लहान ड्रम ऐकत ऐकत मागे सरकत होते. पलीकडून टिल्डा उलटी येत होती. दोन पाठी एकमेकींवर आदळल्या. टिल्डाला धक्का बसला, मागे काहीतरी धप्पकन पडलं. ती शिकवल्याप्रमाणे चालत राहिली. शेवटचा ठोका होईपर्यंत वाजवत राहिली. मैदानाबाहेर आल्यावर तिने वळून पाहिलं, तर पांढऱ्या रेषेवर मिस्टर पावलाक आडवे झाले होते आणि त्यांचा एक बूट लांब पडला होता. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं.

हिवाळ्यात नवा नियम आला. पथक वाजवत असताना एकाही परीक्षकाने मैदानात पाऊल ठेवायचं नाही. सगळ्यांनी वर, प्रेक्षकांच्या बाकांमागच्या काचेच्या खोलीत बसायचं. मुलं खूश झाली. आयांचा जीव भांड्यात पडला. टिल्डाने एका धडकेत सगळ्या परीक्षकांना मैदानाबाहेर फेकलं, असं पथकातला बेंजी सांगत सुटला. सगळे हसले. टिल्डाही हसली आणि घरी जाऊन जेवली नाही.

परीक्षक मैदानावरून गेले, पण टिल्डाच्या पाठीमागून गेले नाहीत. वाजवताना, ज्या ठोक्यांवर धडक झाली होती ती जागा आली की तिची मान आपोआप वळायची. मागे नुसतं गवत असायचं. तरी मान वळायची, पाऊल आखूड पडायचं आणि सगळी रांग वाकडी व्हायची. हल्ली तर उभ्याने वाजवतानाही तसंच व्हायला लागलं होतं. कोच डीनाने सबंध उन्हाळा धीर धरला. आज शेवटची स्पर्धा होती. मैदानात जाण्याआधीच्या सरावात मान वळली, तर मोठा ड्रम बेंजी घेईल, असं तिने टिल्डाला हळूच, खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं.

सराव शाळेमागे, गाड्या लावायच्या जागेत होता. सॉसेज भाजल्याचा धूर येत होता. भोवती आईबाप जमले होते. त्यांना नीट दिसावं म्हणून मुलं गोल करून उभी होती, पाठी आत आणि तोंडं बाहेर.

गर्दीतून काठी टेकत मिस्टर पावलाक आले आणि बरोबर टिल्डासमोर थांबले. तिचे कान तापले. वर्षभर मनात अडकलेलं वाक्य कसंबसं बाहेर पडलं.

"मी थांबले नाही."

"थांबली असतीस तर गुण कापले असते तुझे," मिस्टर पावलाक म्हणाले.

बेंजी फिस्सकन हसला. म्हातारबुवा हसले नाहीत. काठीवर भार देऊन जरा वाकले.

"तो नियम मी मागितलाय, पोरी. तुझी पाठ लागली ना, तेव्हा कळलं. दगडासारखी घट्ट होती. इतकी वर्षं आम्ही मधेमधे फिरत होतो आणि तुम्ही पोरं अंग चोरून वाजवत होतात."

टिल्डाने विचारलं की वरून ऐकू येतं का नीट. परीक्षकाचं काम आपण सोडलं, आता आपण नुसते बाकावर बसणारे, असं ते म्हणाले. वरून दिसतं सगळं. ऐकू येतं ते मात्र शेजारच्या घरातल्या रेडिओसारखं. एवढं बोलून ते इतर लोकांसारखे गर्दीत मागे सरकायला लागले.

कोच डीनाने हात वर केला. खांद्याला खांदा लावून गोल पक्का बंद झाला होता.

परीक्षकासाठी बाजूला व्हायचं नाही, हे टिल्डा दोन वर्षं शिकली होती. ती ड्रमसकट एक पाऊल डावीकडे सरकली.

मिस्टर पावलाकांनी त्या फटीकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. मग काठी आधी आत घालून, पोट आवळून, ते गोलाच्या आत शिरले. टिल्डा पुन्हा जागेवर आली. कोच डीनाने सगळं पाहिलं आणि मोजायला सुरुवात केली.

ड्रमच्या काठ्या उचलल्या गेल्या. ड्रम गरजले. ती जागा जवळ यायला लागली. टिल्डाच्या अगदी पाठीशी कुणीतरी श्वास घेत होतं, आणि डांबरावर एक काठी तालात टकटकत होती. बेंजी डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्या मानेकडे बघत होता.

ती जागा आली. टिल्डाने समोर बघितलं आणि वाजवत राहिली.