डावी नाकपुडी

"हिंग!" जयवंत ओरडला आणि डोळ्यांवरचा रुमाल त्याने स्वतःच ओढून काढला. "डावीकडून आला. उजवी अजून ठार बंद."

विनया हसली. नाकात मांस वाढल्यापासून नवऱ्याला सुक्या बोंबलाचाही वास येत नव्हता. डॉक्टरांनी स्टिरॉइडचे थेंब दिले, गुण येईना म्हणून नवा स्प्रे दिला आणि थेंब बंद करायला सांगितले. पण ऐकेल तो जयवंत कसला! कोणतं औषध सरस, ते त्याला स्वतः ठरवायचं होतं. खाटेवरून डोकं खाली सोडून उजवीकडे थेंब, मग उठून डावीकडे स्प्रे. गेले वीस दिवस रोज सकाळी एकेक नाकपुडी दाबून परीक्षा. विनया आधी हिंग धरायची, मग कॉफी, मग बोंबील. गेले आठ दिवस डावी नाकपुडी पैकीच्या पैकी मार्क मिळवत होती.

"ते थेंब टाकून दे," शर्ट चढवत तो म्हणाला. "आजपासून परत पिंपांवर. शेठला सांगितलंय, नाक सुटलं म्हणून."

जयवंत कामाला होता त्या वालीवच्या गाळ्यात केमिकलची रिकामी पिंपं कापून पत्रे काढत. आत काही उरलंय का, हे जयवंत पिंपाच्या तोंडाला नाक लावून सांगायचा. त्याने होकार दिल्याशिवाय गॅसकटर पेटत नसे. कटर चालवायचा प्रितेश, विनयाचा धाकटा भाऊ. बारा वर्षांत एकदाही भडका उडाला नव्हता, आणि घरात सगळ्यांनाच त्याचा अभिमान होता.

तो गेल्यावर विनयाने आमटीला फोडणी केली. सकाळी त्याच्या नाकाशी धरलेली डबी ओट्यावरच होती. तिने चिमूटभर टाकली. तेल फसफसलं, पण वास आला नाही. तिने डबीत बोट घालून चाखलं. खायचा सोडा. हिंगाची तसलीच डबी वर फळीवर होती, झाकण घट्ट लावलेली.

आधी हिंग, मग कॉफी, मग बोंबील. वीस दिवसांत तिने एकदाही क्रम बदलला नव्हता.

गॅस बंद करून ती चपला न घालताच खालच्या एसटीडी बूथवर धावली. गाळ्यातला फोन नुसता वाजत राहिला. चौथ्यांदा लावला तेव्हा उचलला.

"हॅलो? विनया? बोल गं."

"अहो, सकाळी ते हिंग नव्हतं! पिंपाला हात लावू नका, प्रितेशला..."

"काय? मोठ्याने बोल, इथे ग्राइंडर चालू आहे. थांब एक मिनिट."

त्याने रिसीव्हर बाजूला धरला असावा. लांबून तिला भावाचा आवाज आला. "भावोजी, हे निळं लावू का कापायला?"

ती बूथमध्ये किंचाळली. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

"हुंगलंय मी मघाशीच," जयवंत तिकडे खुशीत सांगत होता. "कसलाच वास नाही. पेटव."