काकांची फाइल

कासवांच्या घरट्यांचा अहवाल दहा मिनिटांत भिंतीवर दाखवायचा होता. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेमच्या रेंजर चौकीत म्हातारी मंडळी जमलीही होती. ग्लेनिसनं अहवाल उघडला, तर आलेख गेल्या वर्षावरच अडकलेला. सूचना: अमुक फाइल सापडत नाही. अमुक म्हणजे घरट्यांचे आकडे ठेवणाऱ्या, महिन्यापूर्वी वारलेल्या काकांचं नाव! तिनं चटकन पडद्यावर हात ठेवला. गेलेल्याचं नाव त्यांच्या आदिवासी समाजात घेत नाहीत, दिसूही देत नाहीत. "डेल्विन, आकड्यांच्या फाइलचं नाव तू बदललंस?" "मग! काकू येणार होती ना," भाऊ म्हणाला. "अरे शहाण्या, म्हणून दुवा तुटला. यंत्र त्यांनाच हाका मारत सुटलंय!" हसत तिनं आलेखाला नवी फाइल जोडली. यंदा घरटी दुप्पट. भिंतीवर रेघ सरसर चढली. काकूनं ती बोटानं टोकापर्यंत गिरवली. "ह्यांनी सांगितलं होतं, वाढतील म्हणून." ह्यांनी म्हणजे कुणी, ते कुणीच विचारलं नाही.