तीनशे नव्व्याण्णवचा तपकिरी

हे मी लिहिणारच नव्हतो. यात मी कामचुकार ठरतो. आणि तो मी आहेच.

एस्पान्योला गावात पोल्डोच्या दुकानावर पाटी आहे: अख्खी गाडी, ३९९ डॉलर. पोल्डो रंग मारतो, मी त्याआधी गाडीला पेपर मारतो, म्हणजे घासतो. समोर बेनिग्नोचं टायरचं दुकान. त्याच्या लाल इम्पाला गाडीवर नऊ हजारांचा रंग. रोज सकाळी शटर उघडलं की तो ओरडायचाच.

“काय पोल्डो, आज कुणाला भाड्याचा कोट घालतोयस? वरात संपेपर्यंत टिकेल ना?”

“माझा रंग पाच वर्षं टिकतो.”

“टिकेल रे, गाडी धुतली नाही तर!”

पोल्डो हसून सोडून द्यायचा, पण जेवताना घास उतरायचा नाही त्याला. सांता फे शहरातल्या मोठ्या दुकानात त्याला कुणी घेतलं नव्हतं. स्वस्त रंगही इमानाने मारता येतो, एवढंच त्याला गावाला दाखवायचं होतं.

मग एलोयकाका आले. पुएब्लोहून गावात नवीनच आलेले, हडकुळे, सारखे खोकणारे. त्यांची मोंटे कार्लो गाडी अख्खी राखाडी. प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, घरीच मारून आणलेला.

“सगळ्यात स्वस्त तपकिरी मार,” ते म्हणाले. “आणि घासू नकोस.”

“काका, न घासता रंग धरत नाही. सालं निघतील.”

“मला अडीच वर्षं पुरे.”

मी दार उघडून पाहिलं. आमच्या भावात दाराच्या आतल्या कडा रंगवत नाहीत, आणि काकांनीही त्या सोडल्या होत्या. तिथे गडद निळा होता, त्यावर केसाएवढी सोनेरी रेघ. गाडीला वास मात्र चर्चमधल्या मेणबत्त्यांचा.

“काका, निळा किती भारी होता! झाकला कशाला?”

“निळा लोकांच्या डोळ्यांवर येतो,” ते म्हणाले आणि खोकत बसस्टॉपकडे गेले.

पोल्डोने मला बाजूला घेतलं. “ऐकलंस ना? अडीच वर्षं. डॉक्टरने सांगितलं असणार. म्हातारा शेवटचा फिरेल तो फाटक्या गाडीतून नाही फिरणार. पेपर मार. पत्रा दिसेपर्यंत घास. त्याचे पैसे नाही घ्यायचे.”

“ते तर नको म्हणाले.”

“गरिबाला नको म्हणायची सवय असते. घास!”

त्या दुपारी मला माझ्या मैत्रिणीला, फ्लोराला, नदीवर न्यायचं होतं. मी ओल्या फडक्याने गाडी पुसली, हिरव्या मिरचीचा बरिटो खाल्ला आणि पोल्डोला सांगितलं, झालं. प्रायमर मळकटच दिसतो. घासलाय की नाही, नुसतं बघून कळत नाही.

पोल्डोने एकाऐवजी तीन हात मारले. श्वास रोखून मारत होता. गाडी बाहेर आली तेव्हा बेनिग्नो रस्ता ओलांडून आला, बॉनेटवर वाकला, त्यात स्वतःचे दात बघितले आणि टोमणा न मारता परत गेला. पोल्डोने त्या दिवशी दोन माणसांचं जेवण एकट्याने खाल्लं.

पुढे तीच आमची जाहिरात. काका रोज त्याच गाडीतून कामाला जायचे, आणि ती दिसली की पोल्डो गिऱ्हाइकाला दाखवायचा, “ती बघा. तीनशे नव्व्याण्णव.” आमच्याकडचं ऊन रंग भाजून काढतं. पण तो तपकिरी फिका पडला नाही, तडकला नाही. काकाही मेले नाहीत. पोल्डो म्हणायचा, रंगाने उमेद दिली.

अडीच वर्षांनी ईस्टरचा रविवार आला. त्या दिवशी गावातली प्रत्येक सजवलेली गाडी आमच्या रस्त्यावरून हळूहळू फिरते, आणि दोन्ही बाजूंना सगळं गाव. काका तीच गाडी घेऊन थेट आमच्या दारात आले. शेजारी एक तरुण, डोकं भादरलेलं, मांडीवर कागदी पिशवी. तुरुंगातून सुटताना देतात तसली.

“पोल्डो, तुझा जोराच्या पाण्याचा पाइप दे.”

काकांनी पाइप बॉनेटवर धरला. तपकिरी रंगाला फुगा आला आणि हातभर साल उडालं.

बेनिग्नो शिट्टी वाजवून ओरडला, “उतरला रे कोट!” सगळा रस्ता हसला.

पोल्डो पांढराफटक पडला. माझ्याकडे वळला. “तू घासली होतीस ना? पत्रा दिसेपर्यंत?”

काकांच्या हातातला पाइप खाली आला. “घासली?” ते ओरडले. “मी नको म्हटलं होतं ना रे!”

सगळे माझ्याकडे बघत होते. “नाही घासली,” मी म्हणालो. “खोटं बोललो. फडकं मारून नदीवर गेलो.”

पोल्डोने मूठ वळली. काकांनी मला मिठी मारली.

मग तो तरुण पुढे झाला. त्याने पाइप उचलला आणि अगदी सावकाश, जखमेवरची पट्टी काढावी तसं पाणी फिरवलं. तपकिरी गेला. त्याखालचा राखाडी गेला. त्याखाली काकांनी फासलेलं मेण ओघळलं. निळ्यातून आधी एक डोळा वर आला, मग दुसरा, मग केसात गुलाब माळलेली एक हसरी बाई.

“आई,” तो म्हणाला. “बाबा, जशी रंगवून आत गेलो होतो तशीच आहे. एवढ्या उन्हात एक रेघ गेली नाही.”

रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. बेनिग्नोने टोपी काढली.

पोल्डो खाली वाकला. तपकिरी रंगाचं अखंड साल उचलून उन्हात धरलं. कुठे तडा नव्हता, कुठे डाग नव्हता. “बघ रे बेनिग्नो,” तो म्हणाला. “हिला कुणी सांभाळलं?”

मग मला म्हणाला, “आणि तू! पुढच्या वेळी घास म्हटलं की घासशील ना?”

मी त्याला शब्द दिला: घासेन. पण आधी गाडीच्या मालकाला विचारेन, खाली कोण आहे.